ओहोटीचं विमान

आमच्या कंपनीकडे दोन विमानं होती.
एक उडायचं,
दुसऱ्याचे सुटे भाग त्याच्यातून उडायचे.

वेळापत्रक समुद्राच्या हाती.
ओहोटी लागली, वाळू घट्ट झाली,
की डोंगराच्या कडेकडेनं फर्गस ड्रमगूल यायचा
आणि मी काठी घेऊन धावायचे
किनाऱ्यावरच्या गाई हाकायला.
अकरा वर्षांची होते.
महिन्याला एक शिलिंग,
आणि वाळूत सापडेल तो स्क्रू
परत करायची शपथ.

प्लायवूड, कापड, सरस.
जवळ गेलं की सुताराच्या दुकानाचा वास,
आणि त्यात मिसळलेला इनांगाचा :
नदीच्या मुखाशी जाळ्यात येणारी
काचेसारखी आरपार, इवलीशी मासळी,
रॉकेलच्या धुतलेल्या डब्यांतून
शहरातल्या हॉटेलांकडे जायची.
आधी डबे. माणसं उरलेल्या वजनात.

माणसं आम्ही लोकरीच्या काट्यावर तोलायचो.
पाद्रीबाबा टोपी काढून चढले,
जणू सगळा भार टोपीतच होता.
मिसेस हॅनरहन म्हणाल्या,
आकडा मोठ्यानं वाचू नकोस हं पोरी.
मी वाचला.

त्या विमानाची तऱ्हाच उलटी.
उतारू पुढे, लाकडी खोलीत, कोरडे,
गुडघ्याला गुडघा लावून;
हाकणारा मागे, वर, उघड्यावर,
पावसात चष्मा पुसत.
मध्ये एक झडप, पोस्टकार्डाएवढी.
बोलायचं असेल ते लिहून तिच्यातून सरकवायचं,
कारण त्या इंजिनापुढे माणसाचा आवाज
म्हणजे नगाऱ्यापुढे टिमकी.

माझी आई, मेरेआना,
बावीस वर्षं खोऱ्याबाहेर पडली नव्हती.
घोड्यावरून आठ दिवस, सतरा नद्या,
त्यांतली एक माणसं नेणारी.
तिच्या भावाला, रावीरीमामाला, तिनंच नेलं होतं.
ऑक्टोबरात आईच्या पोटात कळा सुरू झाल्या
तेव्हा फर्गसनं भरलेले डबे उतरवले.
मासळीवाला ओरडला.
फर्गस म्हणाला, आज हॉटेलं अंडी खातील.

मीही बसले. दोघी मिळून पाच डबे भरलो.

वाळू कधी सुटली कळलंच नाही;
चाकांचा खडखडाट तेवढा थांबला
आणि आईनं माझं मनगट धरलं.
खाली नद्या,
कुणी विंचरता विंचरता अर्धवट सोडलेल्या वेण्यांसारख्या.
ती नदी आली.
वरून करंगळीएवढी.
आई कळा विसरून तिच्याकडे बघत राहिली,
मग डब्याचं एक लेबल फाडलं,
मागच्या बाजूला पेन्सिलीनं काही लिहिलं
आणि झडपेतून वर दिलं.

विमान कललं.
त्या नदीवर आम्ही अख्खा एक फेरा घेतला,
इतका खालून, की आमची सावली
पाणी ओलांडून पैलतीराला गेली
आणि न भिजता परत आली.
पेट्रोल मोजून भरलेलं असायचं.
मला माहीत होतं, मीच मोजायचे.

लेबल परत आलं. ओलं.
खाली त्याचा एकच शब्द : पुन्हा?

आईनं झडपेकडे बघून मान हलवली, नाही म्हणून.
मग, थोड्या वेळानं, हो म्हणून.

डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस उशीर झाला असता तर.
आई बरी झाली,
परत मात्र बोटीनं आली;
काट्यावर चढायची लाज वाटते म्हणाली.
लेबल कुठे गेलं, तिला विचारलं नाही.
पुढे रस्ता आला, पूल आले,
नद्यांना नावांच्या पाट्या लागल्या.
बस ती नदी ओलांडते
तेव्हा लोक खिडकीला डोकं टेकून झोपलेले असतात.

पण ते नंतरचं.
तीन आठवड्यांनी मी वही उघडली,
तर त्या दिवशीच्या पेट्रोलचा हिशेब जुळेना.
फर्गस डबे चढवत होता.
वळून न बघता म्हणाला,
लिही, धुक्यामुळे वळसा.

त्या दिवशी आभाळ घासलेल्या ताटासारखं होतं.
पार पलीकडची हिमशिखरं मोजता आली असती.

मी लिहिलं, धुकं.
चांगल्या अक्षरात.